केपच्या थंड दर्यात

आमच्या कोकणातल्या खाडीकाठच्या गावांत 'केपवाले' म्हणून ओळखली जाणारी घरे अजून सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि आताच्या रायगड जिल्ह्यातले अनेक मुसलमान बोटीने दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनला गेले, तिथे दुकाने थाटली आणि तिथलेच झाले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या तोंडी आज इंग्रजी असते, पण ताटात मासा नसला तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही, हे मात्र कोकणातलेच. अशाच एका घरी, आमच्या खालाजानकडे, मे महिन्याच्या सुटीत आम्ही सहकुटुंब राहून आलो. टेबल माउंटन, केप पॉइंट, बो-काप यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला सांगायचे आहे ते पाण्याखालच्या केपविषयी आणि तिथे भाल्याने मासे मारण्याची जी रीत आहे तिच्याविषयी.

केपचा दर्या आपल्या दर्यासारखा नाही. पश्चिमेच्या अटलांटिक बाजूने बेंग्वेला हा थंड प्रवाह वाहतो. गंमत म्हणजे या बाजूचे पाणी उन्हाळ्यात जास्त गार असते. उन्हाळ्यातला जोरदार आग्नेय वारा किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाहेर ढकलतो आणि त्याच्या जागी तळाचे बर्फासारखे पाणी वर येते. बाहेर लोक उन्हाने भाजत असतात आणि पाणी दहा-बारा अंशांवर असते. द्वीपकल्पाच्या पूर्वेला फॉल्स बे हा सुमारे 30 किलोमीटर रुंदीचा उपसागर आहे. त्याचे पाणी थोडे उबदार, तरी मे महिन्यात पंधरा अंशांच्या आसपासच. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आपण साध्या कपड्यांनी पाण्यात उतरतो. इथे जाड रबरी वेटसूट घातल्याशिवाय अर्धा तासही निभत नाही. वेटसूट माणसाला वर तरंगवतो, म्हणून कमरेला शिशाचा पट्टा बांधायचा. तोंडात स्नॉर्कल, डोळ्यांवर मास्क, पायांत लांब फिन्स. एवढे चढवायलाच आम्हाला वीस मिनिटे लागली आणि मुले हसून बेजार झाली.

आमचा मावसभाऊ नोकरी सांभाळून गेली पंधरा वर्षे भाल्याने मासे मारतो. पण पहिल्या दिवशी त्याने भाला घरीच ठेवला. "मास्तरभाई, आधी मासे जिवंत बघा. मारायचे नंतर बघू," असे म्हणून तो आम्हाला सायमन्स टाऊनच्या पुढे कॅसल रॉकला घेऊन गेला. टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेला समुद्र 2004 साली संरक्षित जाहीर झाला. त्यातल्या काही पट्ट्यांत कसलीही मासेमारी चालत नाही. कॅसल रॉक हा त्यांपैकी एक. पोहायला आणि पाहायला मात्र मोकळीक आहे.

पाण्यात तोंड घालताच केल्पचे रान दिसले. केल्प म्हणजे राक्षसी समुद्री शेवाळ. खडकाला घट्ट धरलेला त्याचा देठ माडासारखा सरळ वर येतो आणि वर हवेने भरलेल्या फुग्यामुळे पाने पाण्यावर पसरतात. खाली हिरवट-सोनेरी उजेड. 'माय ऑक्टोपस टीचर' हा ऑस्कर मिळालेला माहितीपट याच किनाऱ्यावरच्या केल्पमध्ये चित्रित झाला. तो आमच्या मुलांनी पाहिलेला होता, त्यामुळे त्यांची नजर प्रत्येक कपारीत आठ पायांचा शोध घेत होती.

ऑक्टोपस दिसला नाही. दिसला तो रोमन. नारिंगी-लाल अंग, पाठीवरून खाली उतरणारा पांढरा पट्टा आणि दोन डोळ्यांच्या मधे एक निळी रेघ. हा मासा खडकातून बाहेर आला, सरळ आमच्या मास्कसमोर येऊन थांबला आणि आमच्याकडे बघत राहिला. आमच्या धाकटीने हात पुढे केला तेव्हा तो वीतभर मागे सरकला आणि पुन्हा पुढे आला. पाहुणा आला म्हणून दारात येऊन उभ्या राहणाऱ्या घरमालकासारखा तो वाटला.

हे घरमालकपण खरेच आहे. रोमन आपली जागा सोडून फारसा फिरत नाही. आणखी नवलाची गोष्ट म्हणजे सगळे रोमन आधी मादी असतात. वाढून मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. एका मोठ्या नराच्या हद्दीत अनेक माद्या राहतात. तो गेला की मोठ्या माद्यांपैकी एखादी नर होऊन त्याची जागा घेते. पण एका खडकावरचे मोठे मासे सतत मारले गेले, तर जागा घेण्याइतके वाढलेले मासेच उरत नाहीत. आणि शिकाऱ्याच्या डोळ्यांत आधी भरतो तो सर्वांत मोठाच मासा.

चार दिवसांनी आम्ही फॉल्स बेच्या पूर्वेकडच्या टोकाला, रॉई-एल्सला गेलो. गॉर्डन्स बेपासून तिथवरचा रस्ता डोंगराच्या कडेने, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दर्या असा जातो. इथे परवाना असलेल्याला भाल्याने मासेमारी करता येते. मावसभावाने भालाबंदूक काढली. रबराच्या ताणावर पोलादी भाला सुटतो आणि त्याला दोरी बांधलेली असते. मारा तीन-चार मीटरांचा. बंदूक पाण्यात उतरल्यावरच ताणायची आणि बाहेर येण्याआधी मोकळी करायची, हा तिथला पहिला धडा.

केल्प तेच, खडक तसेच, रोमनही होते. पण इथला रोमन समोर आला नाही. भाल्याच्या टप्प्याच्या थोडा पलीकडे राहून तो कपारीतून डोकावत होता आणि फिन्सची हालचाल झाली की आत जात होता. तोच मासा, तोच उपसागर. पण एका ठिकाणी माणूस पाहुणा होता आणि दुसऱ्या ठिकाणी शिकारी. माशांना तो फरक कळलेला होता.

मावसभावाने त्या दिवशी दोन तासांत तीन मासे मारले. तिन्ही केप ब्रीम. या माशाचे जुने नाव 'हॉटनटॉट'. गोऱ्यांनी तिथल्या खोई लोकांना ठेवलेले ते हिणवणारे नाव होते, म्हणून आता ते टाळतात. माशाला ज़बह करावा लागत नाही हे आपण जाणतोच, पण भाल्यावर तडफडत ठेवणेही बरे नव्हे; मासा हाती येताच तो सुरीच्या टोकाने लगेच संपवत होता. मासे कमरेला न लटकवता लांब दोरीवरच्या बोयाला बांधत होता, कारण रक्ताचा वास सील आणि शार्क दोघांनाही लागतो.

त्याहून जास्त वेळा त्याने नेम धरला आणि बंदूक खाली केली. बाहेर आल्यावर आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, "गळाला लहान मासा लागला तर सोडता येतो. भाला सुटला की संपलं. माप आधीच घ्यावं लागतं, तेही डोळ्यांनी."

आणि पाण्यात डोळे फसवतात. मास्कच्या काचेतून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि आहे त्यापेक्षा जवळ दिसते. कायद्याने रोमन किमान 30 सेंटिमीटर लांबीचा हवा. म्हणजे 23 सेंटिमीटरचे पिल्लू पाण्यात बरोबर 30 चे दिसणार. केप ब्रीमला 22 सेंटिमीटरची अट आहे आणि दिवसाला दहा मासे. रोमन दिवसाला दोनच. दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय मासा गालयून 35 सेंटिमीटरचा हवा, तोही दोनच, आणि 15 ऑक्टोबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत पूर्ण बंद. हौशी शिकाऱ्याला एकही मासा विकता येत नाही आणि पाठीवर हवेची टाकी बांधून भाला चालवता येत नाही. श्वास आपला, तेवढाच वेळ आपला. पाण्याखाली हे सगळे तपासायला कुणी शिपाई नसतो. शंका आली की सोडून द्यायचे, एवढाच मावसभावाचा नियम.

श्वासाची गोष्ट निघाली आहे तर एक इशारा द्यायलाच हवा, कारण आपल्याकडची मुलेही आता व्हिडिओ पाहून स्नॉर्कल विकत घेऊ लागली आहेत. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतल्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. फक्त कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि 'आता वर चल' अशी सूचना देणारा तोच असतो. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो, म्हणून तिथे छातीतला प्राणवायू पुरेसा वाटतो. वर येताना दाब उतरतो आणि शेवटच्या काही मीटरांत माणूस काही न कळता बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेच यात जास्त सापडतात. म्हणून एक खाली तर दुसरा वर, नजर त्याच्यावर. एकट्याने कधीच नाही. मावसभावाचा साथीदार त्या दिवशी उशिरा आला. तोवर तासभर तो खडकावर बसून राहिला, पाण्यात उतरला नाही.

खालूंना मात्र या परवान्यांची आणि फलकांची मनापासून चीड आहे, आणि तिचे कारण समजून घ्यायला हवे. त्यांच्या तरुणपणी किनाऱ्यांवर फलक होते ते माशांच्या मापाचे नव्हते, माणसांच्या कातडीच्या रंगाचे होते. चांगले किनारे गोऱ्यांचे. 1967 साली सायमन्स टाऊन गोऱ्यांची वस्ती म्हणून जाहीर झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हजारो लोकांना उठवले गेले. त्यांत मुसलमान कुटुंबे पुष्कळ होती. मशीद तिथेच राहिली, नमाजी दूर फेकले गेले. समुद्रकाठच्या घरांतून काढलेल्यांसाठी जी एक वस्ती उभारली तिचे नाव ठेवले 'ओशन व्ह्यू', म्हणजे समुद्रदर्शन. खालू स्वतः पोहायला शिकले ते चाळिशीनंतर. "आधी आम्ही नको होतो, आता मासे मोजा म्हणतात," असे ते म्हणतात. फिश हूकच्या किनाऱ्यावर अजूनही आपल्या रापणीसारखे जाळे ओढतात. डोंगरावर एक माणूस बसून माशांचा थवा हेरतो आणि खाली इशारा देतो. तिथल्या म्हाताऱ्या कोळ्यांच्या बोलण्यातही हीच तक्रार ऐकू येते.

बापलेकांचा यावर वाद आमच्यासमोरच झाला. मावसभावाचे म्हणणे, "अब्बा, तो कायदा आपल्याला दर्यापासून तोडायला होता. हा दर्या आपल्या मुलांसाठी ठेवायला आहे." खालू गप्प राहिले, पटले असे नाही म्हणाले. आम्हाला दोघांचेही खरे वाटले. ज्याला समुद्र कधी आपला म्हणू दिला नाही, त्याच्याकडून समुद्राची अमानत सांभाळण्याची अपेक्षा करताना आधी त्याला किनाऱ्यावर जागा द्यावी लागते. कोळ्याला बाजूला ठेवून केलेली बंदी कागदावर राहते.

त्या तीन माशांचे खालाजानने आमसूल घालून कोकणी सालन केले. आमसूल आम्हीच नेले होते. नऊ माणसांत तीन मासे. कुणाला पुरे झाले नाहीत, पण कुणी तक्रारही केली नाही.

ज्यांचे नातलग केपला आहेत आणि जाणे होणार आहे, त्यांनी मुलांना कॅसल रॉकला जाणकार माणसासोबत जरूर न्यावे. ज्यांचे जाणे होणार नाही त्यांच्यासाठी मालवण आहेच. तिथला समुद्रही 1987 पासून अभयारण्य आहे. आपल्या राज्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात मासा महागला म्हणून आपण कुरकुरतो. या वर्षी आम्ही वर्गातल्या मुलांना त्या बंदीचे कारण विचारले. तीस मुलांपैकी चौघांनी 'पाऊस' सांगितले, बाकीचे गप्प होते. मग आम्ही फळ्यावर एक रोमन काढला, शेजारी 30 सेंटिमीटरची पट्टी ठेवली, आणि तो तास मराठीचा असूनही माशावरच गेला.