कथा आधी सांगावी का?

नाताळ अंकाचे दिवस जवळ येऊ लागले की आमच्या धर्मग्रामातील लिहिणारी मुले-मुली मिस्सानंतर आम्हाला गाठतात. "फादर, एक गोष्ट सुचली आहे. सांगू का?" ऐकण्याचा मोह आम्हालाही होतो. तरीही आम्ही म्हणतो, "आधी दोन पाने लिहा, मग खुशाल वाचून दाखवा." काही जण हिरमुसतात. म्हणून त्यामागचा विचार येथे मांडावासा वाटतो.

सेमिनरीत आमचा एक सहाध्यायी होता. रात्रीच्या जेवणानंतर अंगणात फेऱ्या मारताना तो आपल्या नियोजित कादंबरीचे कथानक आम्हाला ऐकवीत असे. नायिकेची आजी कशी खोकते, इथपर्यंत सारे आम्हाला पाठ झाले होते. कागदावर मात्र एक ओळही उतरली नाही. सांगण्यातच त्याची तहान भागत होती. रोज दाद मिळत असताना एकान्तात शब्दांशी झगडायचे कशासाठी?

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. गावात कथेचे बीज बहुधा कुणाच्या तरी घरातून आलेले असते: भावाभावांतील जमिनीचा वाद, घर सोडून गेलेली लेक, म्हाताऱ्या आईचे एकटेपण. लिहिता लिहिता नाव बदलते, गाव बदलते, प्रसंग बदलतात. उरते ते केवळ दुःख, आणि ते सर्वांचे होते. पण तीच कल्पना कच्ची असताना तोंडी सांगितली, की ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, "ही कुणाची गोष्ट?" मग कथेची कुजबुज व्हायला वेळ लागत नाही, आणि एखाद्या घराची अब्रू विनाकारण चव्हाट्यावर येते.

याचा अर्थ लेखकाने सर्वांपासून दडून राहावे, असा नव्हे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे टॉल्किन हे श्रद्धावान कॅथलिक. 1937 च्या अखेरीस सुरू केलेली ही कथा 1954-55 मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या काळात ते ऑक्सफर्डमधील मित्रांच्या बैठकीत, सी. एस. लुईस यांच्या खोलीवर, लिहिलेली प्रकरणे वाचून दाखवीत. 1944 मध्ये दक्षिण आफ्रिकेत असलेल्या आपल्या मुलालाही त्यांनी ती टपालाने पाठविली. लुईस यांच्या प्रोत्साहनावाचून हे काम तडीस गेले नसते, असे ते कृतज्ञतेने मान्य करीत. मात्र त्याच बैठकीत ही कथा मुळीच न रुचणारा एक मित्रही होता. त्याच्या नापसंतीनंतरही कथा तगली, कारण ती आधीच कागदावर उभी होती. नुसती कल्पना असा घाव सोसू शकत नाही.

म्हणून कुटुंबीयांना आमची एक विनंती आहे. घरातील कुणी वही घेऊन बसले, तर "काय लिहितोस?" म्हणून त्याच्या मागे लागू नका. "झाले की वाचून दाखव," एवढेच म्हणा. आणि तो वाचू लागला, की हातातला मोबाइल बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐका.