पांझरेकांठचें कुमुद

खानदेश म्हटला कीं काळी जमीन, कापूस आणि वैशाखांतील रणरणतें ऊन, एवढेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्यांत पाण्यांतल्या फुलास जागा कोठली, असें कोणासही वाटेल. परंतु धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील पिंपळनेर पाहिलें म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. शेंदवडच्या डोंगरांत उगम पावणारी पांझरा नदी या गांवावरून वाहते. जुन्या बंधाऱ्यांनीं तिचें पाणी अडवावयाचें, पाटानें शेतांत आणावयाचें, भिजणाऱ्या जमिनीचे मोठमोठे फड पाडून एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें आणि पाटकऱ्यानें प्रत्येकास पाळीनें पाणी द्यावयाचें, अशी येथील सुप्रसिद्ध फडपद्धति होय. पाणी अडलें कीं तें संथ होतें. आणि जेथें पाणी संथ व उथळ, तेथें कुमुद बिऱ्हाड थाटतें.

कमळ आणि कुमुद हीं एकच, असा सामान्य समज आहे. आपल्या पूर्वजांचा तो नव्हता. अमरकोशाच्या वारिवर्गांत या फुलांस रंगागणिक निरनिराळीं नांवें आहेत. कमळ सूर्याचें व कुमुद चंद्राचें, हा तर कवींचा ठरलेला संकेत. वनस्पतिशास्त्रही हीं दोन कुळें वेगळीं मानतें. कमळाचें पान पाण्यावर उंच डोलतें आणि त्यास चीर नसते. कुमुदाचें पान पाण्यावर पसरतें व देठापाशीं चिरलेलें असतें. पांढरें कुमुद सायंकाळीं उमलून दुसऱ्या दिवशीं ऊन चढतां चढतां मिटतें, तें मात्र आकाशांत चंद्र असो वा नसो. सातारच्या कास पठारावर जिच्यावरून तळ्यास नांव मिळालें, ती झालरीच्या पाकळ्यांची कुमुदिनी ही आणखी तिसरीच वनस्पति.

कुमुदाची रचना पाहून मन थक्क होतें. इतर झाडांच्या पानांस श्वासोच्छ्वासाचीं रंध्रें बहुधा खालच्या अंगास असतात. याच्या पानाचें खालचें अंग पाण्यास टेकलेलें, म्हणून रंध्रें वरच्या अंगास. देठ पोकळ नळ्यांचा. त्यांतून हवा चिखलांतल्या गड्ड्यापर्यंत पोहोंचते. फळ पाण्याखालीं पिकतें; बीं कांहीं काळ तरंगून दूर जातें व मग तळाशीं बसतें. उन्हाळ्यांत तळें आटलें, पानें करपलीं, तरी गड्डा चिखलांत जीव धरून असतो आणि मृगाच्या पाण्यानें पुन्हां फुटतो.

हें फूल केवळ शोभेचें नव्हे. पानांच्या सावलींत माशांचीं पिलें लपतात, पानांच्या पाठीवर गोगलगाई अंडीं घालतात, चतुर टेकतात. लांब बोटांचा कमळपक्षी या पानांवरून जमिनीवरून चालावें तसा चालतो व त्यांवरच घरटें करितो. अंडीं घालून मादी दुसऱ्या नराकडे जाते. उबविणें आणि पिलांस वाढविणें हें सारें बापाच्या गळ्यांत! उत्तरेकडे हिमालयांतील व युरोपांतील दलदलींत बर्फ वितळतांच कॅल्था नांवाचें पिवळें फूल उमलतें व माशा-मधमाशांस वसंतांतील पहिलें अन्न देतें. आपल्याकडे तळ्याचा संसार चालविण्याचें तेंच काम कुमुद आपल्या रीतीनें करितें.

या संसारास आज दोन संकटें आहेत. पहिलें जलपर्णीचें. दक्षिण अमेरिकेंतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गें आलेली ही पाहुणी सांडपाण्यावर पोसते, सारा पृष्ठभाग झांकून टाकते आणि खालच्या पाण्यास उजेड व हवा मिळूं देत नाहीं. दुसरें संकट आपल्या चांगल्या हेतूंतून आलें आहे. २०१७ सालीं शासनानें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. गाळ काढल्यानें तळ्यांत पाणी अधिक राहतें आणि तोच गाळ शेतास खत होतो. तिच्या उपकाराविषयीं वाद नाहीं. परंतु यंत्रानें कांठ सरळ खणला व तळ सर्वत्र सारखा खोल केला, म्हणजे गाळाबरोबर कुमुदाचे गड्डेही जातात, आणि त्याला लागणारें उथळ पाणी उरत नाहीं. फूल गेलें कीं कमळपक्षीही जातो.

उपाय सोपा आहे. गाळ काढतांना एक कोपरा तसाच ठेवावा, एका बाजूचा कांठ उतरता राखावा, आणि सांडपाणी तळ्यांत सोडूं नये. ग्रामसभेंत एवढें सांगण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. फडांतील शेवटच्या शेतकऱ्यासही त्याचें पाणी मिळालें पाहिजे, हा नियम खानदेशच्या शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या पाळला. त्याच वांटणींत हातभर पाण्याचा एक हिस्सा कुमुदाच्या नांवें लिहिला, तर त्यानें कोणाचेंही पीक सुकणार नाहीं.