बरणी बदलतांना

आमच्या हदगांवच्या घरांत वस्तु टाकून देण्याची चाल नाहीं. मोडका पाळणा, कान तुटलेलें घंगाळ, दोन पिढ्यांपूर्वींचीं पंचांगें हीं सारीं माळ्यावर आपापली जागा धरून बसलीं आहेत. घरांतील मुलें या संग्रहास हंसतात, आणि तें हंसणें सर्वस्वीं अस्थानीं आहे असें आम्हांसहि म्हणवत नाहीं. तथापि २०२३ सालीं याच माळ्यानें आमची लाज राखली. त्या प्रसंगीं आम्हांस जें शिकावें लागलें, तें पुष्कळ कुटुंबांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

१९९४ च्या वैशाखांत आमच्या पुतण्याची मुंज झाली. नांदेडहून आणविलेल्या छायाचित्रकारानें समारंभाची व्हिडिओ कॅसेट तयार केली. आदल्या दिवशीं घाणा भरला, त्याचा सुमारें अकरा मिनिटांचा भाग तींत आहे. आंब्याचीं पानें बांधलेलीं मुसळें धरून आमच्या मातोश्री, काकू आणि आत्याबाई उखळाभोंवतीं उभ्या आहेत, आणि खांबाला टेकून आमची आजी गात आहे. घरांत लहानथोर तिला बाई म्हणत. ती विधवा असल्यामुळें, तेव्हांच्या रीतीप्रमाणें, मुसळास तिचा हात लागावयाचा नव्हता. परंतु ओव्या तिच्याच, आणि मुसळें पडावयाचीं तीं तिच्याच ठेक्यावर.

गणपतीला व कुळस्वामिनीला बोलावणें झाल्यावर बाई एकदम १९४८ सालांत शिरली. रझाकारांच्या भयानें बायकामुलांनीं रातोरात पैनगंगा ओलांडून उमरखेडची वाट धरली. पलीकडे वऱ्हाड, म्हणजे निजामाच्या राज्याबाहेरचा मुलूख. तिचा धाकटा भाऊ मागें राहिलेल्यांस आणावयाला परत फिरला, तो पुनः दिसला नाहीं. शेवटची ओवी तिनें त्याचें नांव घेऊन म्हटली आहे. एरवीं तें नांव तिच्या तोंडून आम्हांपैकीं कोणींहि ऐकलें नव्हतें. १९९६ सालीं ती वारली. हेमा राईरकर व गी पॉइट्वँ यांनीं सहकाऱ्यांसह खेडोपाडीं फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून त्या राहिल्या. आमच्या बाईची ओवी कोणाच्याहि वहींत उतरलेली नव्हती. होती ती त्या अकरा मिनिटांत.

मराठवाडा मुक्त झाल्यास १७ सप्टेंबर २०२३ रोजीं पंचाहत्तर वर्षें पूर्ण होत होतीं. त्या निमित्तानें एका वाहिनीनें त्या काळच्या बायकांच्या गाण्यांवर कार्यक्रम योजिला, आणि एका स्नेह्यांकडून कळल्यावरून आमच्याकडे बाईच्या ओव्यांची मागणी केली. मागणीचें पत्र वाचून आम्ही गोंधळलों. फाईल एम्. एक्स्. एफ्. असावी, सेकंदास पंचवीस चित्रें असावीं, अशीं आठ-दहा कलमें तींत होतीं. आमच्याजवळ होती ती एम्. पी. फोर फाईल. २००७ सालीं कॅसेटवरून एक डीव्हीडी करून घेतली होती. ज्याची मुंज, तो पुतण्या पुढें अमेरिकेस गेला तेव्हां ती तबकडी सोबत घेऊन गेला, आणि तिच्यावरून ही फाईल करून त्यानें घरच्या सर्वांच्या मोबाईलवर धाडली. तबकडीचें पुढें काय झालें, हें त्यालाहि आठवत नाहीं.

आम्हीं एक शहाणपण केलें. फाईलच्या नांवाच्या शेवटचीं एम्. पी. फोर हीं अक्षरें पुसून तेथें एम्. एक्स्. एफ्. लिहिलें आणि ती पाठवून दिली. दुसऱ्याच दिवशीं ती परत आली. तेलाच्या डब्यावर 'तूप' अशी चिठ्ठी लावल्यानें आंत तूप होत नाहीं, एवढी गोष्ट वयाच्या साठीनंतर आम्हांस नव्यानें कळली.

मग एका दुकानीं गेलों. तेथील मनुष्यानें घटकाभरांत फाईल बदलून हातीं दिली. घरीं येऊन ती मोठ्या हौसेनें मातोश्रींस दाखविली. त्यांचें वय तेव्हां अठ्ठ्याऐंशी, दृष्टि मंदावलेली. पण दुसरी ओवी सुरू होते न होते तोंच त्या म्हणाल्या, "अरे, हें मुसळ माझें नव्हे. बाईंच्या ओवीवर माझा ठेका कधीं चुकला नाहीं." आम्हीं पुनः नीट पाहिलें. मुसळ हवेंत असतांनाच त्याचा आवाज येत होता, आणि पुढें पुढें तर बाईचे ओंठ हलण्यापूर्वींच ओवी संपून जात होती. वाहिनीनेंहि ती फाईल नाकारली, यांत नवल नाहीं.

पुतण्याची धाकटी बहीण पुण्यास चित्रफितींच्या संकलनाचें काम करते. निज श्रावणांत ती चार दिवस घरीं आली, तेव्हां आम्हीं तिच्यापुढें आमची कैफियत मांडली. ती म्हणाली, "काका, बरणी निराळी आणि लोणचें निराळें. तुम्ही दोन्ही एकच समजलांत."

तिनें सांगितलें तें असें. एम्. पी. फोर, एम्. एक्स्. एफ्., ए. व्ही. आय्. हीं सारीं बरण्यांचीं नांवें. बरणींत चित्र असतें, ध्वनि असतो, आणि कोणतें चित्र कोणत्या क्षणीं कोणत्या ध्वनीबरोबर दाखवावें याच्या चिठ्ठ्या असतात. मायक्रोसॉफ्टनें ए. व्ही. आय्. १९९२ मध्यें काढली; अॅपलनें १९९१ सालीं जी क्विकटाईम नांवाची बरणी घडविली, तिच्याच घाटावर पुढें एम्. पी. फोर झाली. एम्. एक्स्. एफ्. हिचें प्रमाण २००४ सालीं ठरलें, तें मुख्यतः दूरदर्शन केंद्रांसाठीं. एका कारखान्याच्या यंत्रावर भरलेला माल दुसऱ्याच्या यंत्रावर विनातक्रार उघडावा, हा तिचा हेतु. चित्र दाबून लहान करण्याची रीत ही या बरण्यांहून वेगळी. ती लोणच्याची कृति म्हणावी. नव्या बरणीस आंतलें लोणचें चालत असेल, तर तें नुसतें ओतावें; काम झटपट होतें आणि आंतला कणहि बदलत नाहीं. चालत नसेल तरच चित्र उलगडून नव्या रीतीनें पुनः दाबावें लागतें, आणि बहुतेक रीतींत दर खेपेस थोडें कांहीं गळतें. गळलेलें परत येत नाहीं.

"मग बाईचें गाणें पुढें कां पळालें?" आम्हीं विचारलें.

त्याचें कारण आणखी निराळें निघालें. आपल्याकडील विजेच्या पन्नास आवर्तनांस धरून दूरदर्शनावर सेकंदास पंचवीस चित्रें ठरलीं; अमेरिकेंत वीज साठ आवर्तनांची, म्हणून तेथें जवळजवळ तीस. पुतण्याच्या संगणकानें तिकडच्या रिवाजाप्रमाणें दर पांच चित्रांचीं सहा केलीं, म्हणजे एक चित्र दोनदां घातलें. तेथवर गाणें बिघडलें नव्हतें. दुकानदारानें मात्र तींच तीस चित्रें सेकंदास पंचवीस अशीं मोजून दिलीं. त्यामुळें एका मिनिटाचें चित्र जवळजवळ बहात्तर सेकंद लांबलें, आणि गाणें साठांतच आटोपलें. मातोश्रींच्या कानांनीं जें हेरलें, त्याचें गणित हें.

"मूळ कॅसेट आहे का?" पुतणीनें विचारलें. आम्ही गप्प. पण मातोश्री म्हणाल्या, "माळ्यावर काळ्या ट्रंकेंत, ह्याच्या वडिलांच्या धोतरांत गुंडाळून मीं ठेविली आहे."

कॅसेट निघाली, तिजवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. आतां यंत्र हवें. असलीं यंत्रें करणारा शेवटचा उरलेला कारखाना, जपानांतील फुनाई, यानेंहि २०१६ सालीं तीं करणें थांबविलें. अखेर एका जुन्या केबलवाल्याच्या अडगळींत एक सांपडलें. पुतणीनें कॅसेट उघडून फीत हलक्या हातानें पुसली आणि एकदांच, श्वास धरून, चालविली. संगणकावर उतरतांना तिनें प्रथम अशा रीतीनें सांठवण केली कीं जींत दाबूनहि कांहींच गळत नाहीं. या रीतीचें नांव एफ्. एफ्. व्ही. वन, आणि बरणी मात्रोस्का नांवाची. ही आमची ठेव. वाहिनीकरितां एम्. एक्स्. एफ्. प्रत तिच्यावरून वेगळी काढली.

परंतु फितीचा तो शेवटचा तुकडा चुरगळलेला होता. भावाची ओवी अर्ध्यावर आली आणि पडद्यावर नुसतें धुकें झालें. त्या वेळीं आमच्या मनाचें काय झालें, तें लिहवत नाहीं. पुतणी कांहीं वेळ तशीच बसली. मग तिनें अमेरिकेहून आलेली ती सदोष फाईल काढली. दुबार घातलेलें प्रत्येक सहावें चित्र तिनें वगळलें आणि अर्धी ओवी तेथून घेऊन मुसळाच्या ठोक्याशीं ठोका जुळवून सांधली. त्या जागीं चित्र पुसट आहे. सांधा कोठें आहे, हें तिनें टिपणांत स्पष्ट लिहून ठेविलें.

जी प्रत आम्ही निरुपयोगी म्हणून पुसावयास निघालों होतों, तिच्यांतच बाईच्या भावाचें नांव उरलें होतें.

कार्यक्रम झाला. मातोश्रींनीं तो डोळे मिटूनच ऐकला. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरून होता. संपल्यावर एवढेंच म्हणाल्या, "आतां मुसळ जाग्यावर पडलें."

ज्यांच्या घरीं अशा कॅसेटी असतील त्यांना आमची विनंती एवढीच कीं, यंत्रें मिळताहेत तोंवर त्या उतरवून घ्याव्या. दुकानीं देतांना "नुसतें ओतून चालेल कीं नव्यानें दाबावें लागेल" हें विचारावें. सेकंदास किती चित्रें तें लिहून घ्यावें. आणि नवी प्रत झाली म्हणून मूळ किंवा जुनी प्रत टाकूं नये. तसेंच चित्रांत कोण कोण आहे, तें सांगणारीं माणसें आहेत तोंवर लिहून ठेवावें. आम्हीं मातोश्रींजवळ बसून तशी यादी केली आहे. तींत बाईच्या भावाचें नांव पहिलें घातलें आहे.