फिनिक्स ते येकातेरिनबर्ग

वाचकहो, परदेशी जावयाचे म्हटले म्हणजे मनगटावरील घड्याळाचे काटे पुढेमागे करणे ओघानेच आले. परंतु अमेरिकेतील ॲरिझोना राज्याची राजधानी फिनिक्स येथून रशियातील येकातेरिनबर्ग शहरी जाणाऱ्या प्रवाशास ही तसदी घ्यावी लागत नाही. दोन्ही गावांच्या वेळांत बरोबर बारा तासांचे अंतर आहे. फिनिक्सला मध्यरात्र होते तेव्हा येकातेरिनबर्गला भर दुपार. काटे मात्र जेथल्या तेथे. आपल्याकडे त्या वेळी दुपारचे साडेबारा झालेले असतात. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने उरल पर्वतातील हे शहर आपले शेजारीच म्हणावयाचे!

घड्याळ बदलत नाही, पण बाकीचे सारेच बदलते. फिनिक्स हे वाळवंटातले शहर. तेथे जुलैत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. येकातेरिनबर्गला जानेवारीत तो उणे दहा-पंधरा अंशांवर असणे नित्याचेच. ह्या दोन टोकांमध्ये वर्षामागून वर्षे ये-जा करणारी जी मंडळी होती, ती व्यापारी नव्हती की मुत्सद्दी नव्हती. त्या होत्या बास्केटबॉल खेळणाऱ्या स्त्रिया.

ह्याचे कारण समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत स्त्रियांच्या व्यावसायिक बास्केटबॉलची डब्ल्यू.एन.बी.ए. ही स्पर्धा १९९७ साली सुरू झाली. तिचा हंगाम उन्हाळ्याचा. मे महिन्यात आरंभ आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात शेवट. पुढचे सहा-सात महिने मोकळे. 'सुट्टी' म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आजोळ, आमराई आणि दुपारची झोप उभी राहते. ह्या खेळाडूंच्या वाट्याला असली सुट्टी फारशी आली नाही. युरोपातील क्लबांचा हंगाम नेमका ऑक्टोबरात सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. एक पोशाख धुऊन ठेवावा आणि दुसरा अंगावर चढवावा, अशी बारमाही चाकरी!

आता त्या शहराकडे वळू. येकातेरिनबर्ग हे मॉस्कोच्या पूर्वेस सुमारे चौदाशे किलोमीटरवर, इसेत नदीच्या काठी वसले आहे. १७२३ साली, पीटर द ग्रेट याच्या कारकिर्दीत, लोखंडाच्या कारखान्याभोवती ते उभे राहिले व त्याच्या राणीचे, कॅथरिनचे, नाव त्यास मिळाले. रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस व त्याचे कुटुंब यांना १९१८ च्या जुलैत ठार मारण्यात आले, ते ह्याच गावातील एका घराच्या तळघरात. ते घर १९७७ मध्ये पाडण्यात आले. त्या जागी उभारलेल्या सोनेरी घुमटांच्या चर्चचा २००३ मध्ये अभिषेक झाला. १९२४ ते १९९१ पर्यंत गावाचे नाव स्वेर्दलोव्स्क असे होते. गावाबाहेर मॉस्कोच्या रस्त्यावर युरोप व आशिया ह्या खंडांची सीमा दाखविणारा स्तंभ आहे. एक पाय युरोपात व दुसरा आशियात ठेवून तेथे छायाचित्र काढून घेण्याचा मोह प्रवाशांना आवरत नाही. ज्यांचे आयुष्यच दोन खंडांत विभागलेले, त्या खेळाडूंना हा स्तंभ पाहून काय वाटत असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

एक साम्य मात्र मला मोठे मौजेचे वाटते. अमेरिकेत सर्वांत अधिक तांबे काढणारे राज्य ॲरिझोना. आणि येकातेरिनबर्गच्या संघाचा खर्च चालविणारी कंपनीही तांब्याचीच. तिचे मुख्य ठाणे शहराला लागूनच असलेल्या वेर्खन्याया पिश्मा ह्या गावी आहे आणि संघाच्या नावातही तिची आद्याक्षरे आहेत. तिकिटांच्या विक्रीतून निघू शकणार नाहीत असे पगार ह्या कंपनीच्या थैलीतून निघत. ते किती, हे ऐकाल तर थक्क व्हाल. फिनिक्सच्या संघाची प्रख्यात खेळाडू डायाना टॉरासी हिला अमेरिकेतील उन्हाळ्याबद्दल सुमारे एक लाख सात हजार डॉलर मिळत. रशियातील हिवाळ्याबद्दल जवळजवळ पंधरा लाख डॉलर, असे त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते. फरक केवळ पैशांचाही नव्हता. येकातेरिनबर्गचा संघ सामन्यांसाठी खास विमानाने जाई. उलट अमेरिकेत २०१८ च्या ऑगस्टात लास व्हेगासचा संघ साध्या विमानांची वाट पाहत व रखडत पंचवीसएक तासांनी वॉशिंग्टनला पोहोचला. थकलेल्या खेळाडूंनी खेळावयास नकार दिला आणि सामना गमावला. सर्व संघांना सर्व प्रवासासाठी खास विमाने मिळू लागली ती २०२४ साली.

हिवाळ्यातले ते जीवन कसे असेल? डिसेंबरात तेथे सकाळी साडेनऊच्या सुमारास उजाडते आणि साडेचारच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे सकाळचा सराव आटोपून, दुपारी विश्रांती घेऊन उठावे, तो बाहेर अंधार! भोवतालची भाषा अपरिचित, पाट्यांवरील लिपी अपरिचित. घरी बोलावयाचे तर इकडे सकाळ असताना तिकडे आदल्या दिवसाची रात्र. जेवणात पेल्मेनी हा उरलचा आवडता पदार्थ; कणकेच्या लहानशा पारीत खिमा भरून उकडतात. आपल्या उकडीच्या मोदकाचा हा सामिष चुलतभाऊच म्हणा ना. कँडेस पार्कर ही खेळाडू तर आपल्या लहानग्या मुलीला बरोबर घेऊन येथे येत असे. मूल कडेवर घेऊन नोकरीच्या गावी बिऱ्हाड थाटणाऱ्या आईची कथा आपल्या वाचक-भगिनींना निराळी सांगावयास नको; हिचे नोकरीचे गाव पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला होते, इतकेच.

संघ मात्र जिंकत राहिला. युरोपातील सर्वोच्च स्पर्धा त्याने २००३ ते २०२१ ह्या काळात सहा वेळा जिंकली.

पण शरीर हे यंत्र नव्हे. २०१५ साली टॉरासीने अमेरिकेतील संपूर्ण हंगाम सोडून दिला. तिच्या रशियन क्लबानेच तिला विश्रांतीसाठी पैसे दिले होते. स्वदेशात खेळण्यापेक्षा न खेळण्याचे मोल अधिक ठरावे, ही गोष्ट तिच्या देशातील कित्येकांना झोंबली. आणि ती झोंबावयासच हवी होती, असे माझे मत आहे. विश्रांती न मिळाली तर काय होते, तेही चार वर्षांनी दिसले. आदल्या वर्षी अमेरिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरलेली ब्रिआना स्ट्युअर्ट ही २०१९ च्या एप्रिलात हंगेरीतील शोप्रोन येथे, रशियाच्या कुर्स्क शहराच्या संघाकडून येकातेरिनबर्गविरुद्ध अंतिम सामना खेळत होती. खेळता खेळता तिच्या टाचेमागची कंडरा तुटली आणि तो उन्हाळा तिला मैदानाबाहेर बसून काढावा लागला.

ह्याहून मोठा आघात पुढेच होता. सुमारे सहा फूट नऊ इंच उंचीची ब्रिटनी ग्राइनर ही तेव्हा फिनिक्सचीच खेळाडू होती. कित्येक हिवाळे ती येकातेरिनबर्गकडून खेळली होती. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी सुट्टीवरून परत जात असता मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर तिच्या सामानात गांज्याच्या तेलाच्या नळ्या सापडल्या. तेल एक ग्रॅमहून कमी होते आणि बॅग घाईने भरताना त्या नळ्या चुकून राहून गेल्या, असे तिने न्यायालयात सांगितले. एका आठवड्यात रशियाने युक्रेनवर स्वारी केली. ४ ऑगस्टला ग्राइनरला नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे तिला मोर्दोव्हिया प्रांतातील स्त्रियांच्या बंदिशिबिरात धाडण्यात आले. ८ डिसेंबर २०२२ रोजी अबू धाबीच्या विमानतळावर, अमेरिकेच्या कैदेतील शस्त्रांचा व्यापारी व्हिक्टर बूट याच्या बदल्यात तिची सुटका झाली. ऑलिंपिकखेरीज आपण पुन्हा परदेशात खेळणार नाही, असे तिने पुढील वर्षी जाहीर केले. ज्या रस्त्याने ती इतकी वर्षे बिनधास्त गेली होती, तो एका बॅगेपायी व एका युद्धापायी बंद झाला. येकातेरिनबर्गच्या संघालाही युरोपातील स्पर्धांचे दरवाजे मार्च २०२२ पासून बंद झाले.

मग ह्या मुली हिवाळ्यात जातात कोठे? काही इस्तंबूलला, काही प्रागला, काही ऑस्ट्रेलिया वा चीनमध्ये. पण २०२० च्या कराराने अमेरिकेतील वेतन वाढविले, तशी एक अटही घातली: परदेशातील हंगाम आटोपून वेळेवर हजर न होणाऱ्या अनुभवी खेळाडूंना २०२३ मध्ये दंड, आणि २०२४ पासून तो हंगामच वर्ज्य. २०२५ च्या जानेवारीत स्ट्युअर्ट व तिची सहकारी नफीसा कॉलिअर यांनी मायामीजवळ तीन-तीन खेळाडूंच्या सामन्यांची नवी स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी छत्तीस खेळाडूंना त्यात जागा मिळाली. सरासरी वेतन दोन लाख डॉलरांहून अधिक. त्या छत्तिसांत ग्राइनरही होती. ज्यांना तेथे जागा मिळाली नाही, त्यांना मात्र ऑक्टोबर उजाडला की बॅग भरावीच लागली. आता ती भरताना प्रत्येक कप्पा दोनदा तपासून पाहिला जात असेल, यात संशय नाही.