हलती भिंत

परभणीहून आम्ही तिघे मित्र एम.एस्सी.ला गेलो. तिघेही एकाच मोहल्ल्यातले. पहिल्याच महिन्यात एका सरांनी हजेरी घेताना विचारले, "तुमच्यात कोण एवढं शिकतं?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. हसायला नको होते.

पुढे सांख्यिकीय यामिकीत 'समदाबी-समतापी एन्सेम्बल' आले. एन्सेम्बल म्हणजे एकाच वस्तूच्या सगळ्या शक्य अवस्थांचा काल्पनिक जमाव. इथे बाहेरचा दाब, तापमान आणि कणांची संख्या ठरलेली. आकारमान तेवढे मोकळे. गणित डोक्यात शिरेना, तेव्हा तुराबुल हक साहेबांच्या उरुसातला फुगा आठवला. दुपारच्या उन्हात तो फुगतो, रात्री आक्रसतो. पण तापमान तेच राहिले तरी आतले रेणू आणि बाहेरची हवा दोन्हीकडून धडका देत असतात, म्हणून त्याचे आकारमान क्षणोक्षणी किंचित कमीजास्त होतच असते. डोळ्याला दिसत नाही इतकेच. जो पदार्थ सहज दाबला जातो, त्यात ही थरथर जास्त.

संगणकावर मात्र बरीच वर्षे अणू न हलणाऱ्या पेटीत ठेवत. अमेरिकेत रहमान नावाच्या शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल अशाच पेटीत मांडली. १९८० मध्ये अँडरसनने पेटीचे आकारमान मोकळे केले. त्याच वर्षी परिनेलो आणि रहमान यांनी तिचा आकारही मोकळा केला. पेटी तिरकी होऊ शकली, लांबट होऊ शकली, आणि स्फटिकाला एक रचना सोडून दुसरी धरता आली. ताठ भिंतींत तो अडून बसायचा.

रहमान हे नाव आम्ही वहीत कितीदा लिहिले, पण असेल कुणी अरबस्तानातला, म्हणून सोडून दिले. एकदा ग्रंथालयात त्यांची माहिती सापडली. अनीसुर रहमान, जन्म १९२७, हैदराबाद. मृत्यू १९८७. अमेरिकेतली भौतिकशास्त्रज्ञांची संस्था १९९३ पासून त्यांच्या नावाने पारितोषिक देते.

हैदराबाद! रात्री परभणीला गाडीत बसावे आणि सकाळी उतरावे, ते. रहमान जन्मले तेव्हा आपली परभणीही निजामाच्याच राज्यात होती.

सुट्टीत घरी आल्यावर आम्ही तिघांनी अब्बांना हे सांगितले. फुगा, पेटी, भिंत, सगळे. त्यांनी पानाचा डबा बाजूला ठेवून ऐकून घेतले.

"हैदराबाद के? फिर तो अपनेच हुए," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "कौनसे मोहल्ले के?"

ते आम्हाला सांगता आले नाही.