सीट आणि गुडघे

पुण्यात सायकलीतलं सगळ्यांनाच कळतं. माझी हायब्रिड सायकल पाहून शेजारचे अप्पा म्हणाले, "सीट खाली घ्या हो, दोन्ही पाय टेकले पाहिजेत!" दोन्ही पाय टेकून बसायला घरात खुर्ची आहे! सायकलीच्या बाबतीत मी गुडघ्यांचं ऐकतो. पायडल तळाला, त्यावर टाच, पाय सरळ, ही सीटची उंची. मग चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट सपाट हवी. तिचं नाक झुकलं की आपण पुढे घसरतो आणि भार मनगटांवर येतो. हँडल सीटच्या बरोबरीला किंवा थोडं वर. सिग्नलला मात्र सीटवरून उतरावं लागतं. अप्पांना त्यात कमीपणा वाटतो. पण साठीनंतर अप्पांची शाबासकी आणि गुडघ्यांची साथ, यांतलं एकच मिळतं. मी गुडघे निवडले.