माइकपासून लांब

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या कलेक्टर कचेरीसमोर नेपानगरकडच्या पाड्यांवरची माणसं धरण्याला बसतात, तेव्हा जेवणाची सोय घरूनच करून येतात. गाठोड्यात मक्याचं पीठ, मिरची, मीठ. मागणी वनाधिकाराच्या पट्ट्यांची असते. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत जमिनीवरून कुणाला उठवायचं नाही, हे 2006च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. तरी 9 जुलै 2019ला सिवल गावात वनखात्याच्या पथकाने छऱ्यांच्या बंदुका चालवल्या आणि आदिवासी जखमी झाले.

अशा ठिकाणी शहरातून गेलेल्या हितचिंतकाला चार शब्द बोलावेसे वाटतात. पण बोलणारे तिथे भरपूर असतात, आणि स्वतःच्या जमिनीबद्दल ते आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलतात. गरज असते पाण्याच्या टँकरची, सतरंज्यांची, रात्री कुणाला ताप चढला तर डॉक्टरची. झेरॉक्स तर फारच लागतात. आपल्या प्रतीवर आवक-शिक्का नसला, तर अर्ज दिला होता हे पुढे कुणी मान्य करत नाही.

या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे म्हाताऱ्यांचा जबाब. 13 डिसेंबर 2005च्या आधीपासून ताबा होता, हे दाखवायला वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या चालतात. त्याचबरोबर दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं आणि कागदावर उतरवलेलं निवेदनही नियमांनी पुरावा मानलं आहे. आजोबा सांगत असतात, त्या नाल्यापासून या महूच्या झाडापर्यंत, धाकट्याचं लग्न झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात पहिली नांगरट. लिहिणाऱ्याला साल हवं असतं, चतुःसीमा हव्या असतात. साल जरूर विचारावं. पण महू आणि लग्न खोडू नये. लिहून झालं की मजकूर त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा. ते मधेच थांबवतात, नाल्याचं नाव दुरुस्त करतात, शेजारच्याला साक्षीला बोलावतात. मग शाईच्या पॅडवर अंगठा टेकतो. तो कागद त्यांचा असतो. लिहिणाऱ्याचं नाव त्यावर असलं काय, नसलं काय, दाव्याला फरक पडत नाही.

महाड इथे आठवतं. मार्च 1927मध्ये बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, आणि डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरायची तर मंडपाला कुणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने दिली. परिषदेतली भाषणं आपण जवळजवळ शंभर वर्षं आठवतो आहोत, आणि ते योग्यच आहे. पण सगळ्या गावाचा रोष समोर दिसत असताना आपल्या मालकीची जमीन वापरू देणं किती जड गेलं असेल! त्याच परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडायला गंगाधरपंत सहस्रबुद्धे उभे राहिले. ते ब्राह्मण होते, आणि त्या ठरावापाशी त्यांनी उभं राहण्याला अर्थ होता. म्हणून मागे राहणं म्हणजे लपणं, असं मी मानत नाही. लढणाऱ्यांनी हाक मारली तर नावानिशी पुढे व्हावं. काम झालं की जागा मोकळी करावी.

मागे राहण्याला त्याग म्हणणं मात्र मला पटत नाही. मागची जागा सुरक्षित असते; किंमत पुढे उभे राहणारे मोजतात. जागृत आदिवासी दलित संघटनेने बुऱ्हाणपूरमधल्या 2022-23च्या बेकायदा जंगलतोडीविरुद्ध सतत आवाज उठवला. त्यानंतर संघटनेच्या माधुरीबेनना वर्षभरासाठी जिल्हाबदर केलं, आणि जानेवारी 2024मध्ये संघटनेचेच कार्यकर्ते अंतराम अवासे यांच्यावरही तोच हुकूम निघाला. जानेवारी 2025मध्ये उच्च न्यायालयाने अवासेंविरुद्धचा हुकूम रद्द केला आणि सरकारवर 50 हजार रुपयांचा खर्चही लावला. निकालाने नाव निर्मळ झालं, पण हुकुमाची वर्षभराची मुदत तोवर भरत आली होती.

तेव्हा शहरात बसून आपण काय करू शकतो, याचं उत्तर मला भाषणात सापडत नाही. घरचा माणूस जिल्ह्याबाहेर असताना वकिलाकडे कागद कोण पोचवतं? तारखेला जायचं भाडं कुठून येतं? मृग लागला की त्याच्या वावरात तिफण कोण धरतं? हे पाड्यावर जाऊन विचारावं, आणि ते जे सांगतील ते करावं.